आधीच झाकलेलं मूल

१

टायरच्या दुकानाशेजारून एक अरुंद जिना वर जातो. रबराचा वास पहिल्या वळणापर्यंत सोबत येतो आणि मग दमून मागे राहतो. वर एक लांबट खोली आहे, तिला एकच खिडकी, आणि त्या खोलीत सात-आठ बायका दिवसभर परक्यांच्या मुलांची तोंडं झाकत बसतात.

शाळा, पोहण्याचे वर्ग, नाचाचे वर्ग, बुद्धिबळाची शिबिरं. ह्या सगळ्यांना आपले फोटो इंटरनेटवर टाकून मिरवायचं तर असतं, पण मुलांचे चेहरे नको त्याच्या हाती लागायला नको असतात. मग ते फोटो आधी इकडे येतात. इथे प्रत्येक मुलाच्या चेहऱ्यावर एक धुरकट वर्तुळ बसवलं जातं. साहेब लोक त्याला ब्लर म्हणत. खोलीतल्या बायका गोळा म्हणत. एकीने गोळे घालायचे, दुसरीने तपासायचे. तपासणारीने मधूनच एखादा गोळा उचलायचा, खाली चेहरा आहे ना बघायचा, परत ठेवायचा. कारण सिस्टिमही गोळे सुचवायची आणि सिस्टिमला अक्कल कमी. एकदा तिने हेडमास्तरांच्या टकलाला गोळा घातला होता. खोली आठवडाभर हसत होती.

धाकटी त्या खोलीत सगळ्यांत नवी. घरातही नवी, कामावरही नवी. त्यामुळे दोन्हीकडे तिचं बोलणं कमी आणि बघणं जास्त.

“आमची धाकटी काय काम करते ते विचारू नका,” थोरली जाऊ आल्यागेल्याला सांगायची. “लोकांच्या पोरांची तोंडं काळी करते.”

“काळी नाही वहिनी, धुरकट.”

“पगार वेळेवर देतात ना?” सासूबाई आतून म्हणत. “मग धुरकट तर धुरकट.”

जावेची मुलगी पहिलीत होती. साखरेचा डबा उघडल्याचा आवाज तिला तीन खोल्यांपलीकडून यायचा, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. मुंगीच्या तोंडावरून घरात कायमचा खटला चालू होता. नाक ह्या घराचं, हे सासूबाईंचं म्हणणं; नाक माझ्या माहेरचं, हे जाऊबाईंचं. थोरले दीर परगावी नोकरीला, ते फोनवरून कपाळावर हक्क सांगायचे. धाकटीचा नवरा म्हणायचा, “माझ्याकडून पोरीने काहीच घेतलं नाही. शहाणी आहे.” मुंगी एका पायाला दुसऱ्या पायाचं वेटोळं घालून उभी राहायची आणि आपल्या तोंडाची वाटणी गंभीरपणे ऐकून घ्यायची.

२

एका संध्याकाळी धाकटी कामावरून आली तर जाऊबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेल्या, मांडीत फोन. त्यांनी हौसेने टाकलेला मुंगीचा वाढदिवसाचा फोटो, मेणबत्तीला फुंकर घालतानाचा, कुणीतरी उचलून आपल्या पानावर लावला होता. त्या पानावर अशाच कुणाकुणाच्या मुली होत्या. खाली परक्या माणसांनी जे लिहिलं होतं, ते जाऊबाईंनी दोन ओळींपुढे वाचलं नाही.

“कितीदा सांगितलं, पोरीला अशी चव्हाट्यावर मांडू नकोस,” सासूबाई म्हणाल्या.

एरवी एका वाक्याला तीन वाक्यं परतवणाऱ्या जाऊबाई गप्प होत्या. ते धाकटीला बघवेना.

“मी करते काहीतरी,” ती म्हणाली.

दोघीही तिच्याकडे बघायला लागल्या. ह्या घरात कुणी न विचारता ती पहिल्यांदाच बोलली होती.

कामाच्या खोलीत एक सोय होती: कायमचा गोळा. पालकांची परवानगी घेऊन एखाद्या मुलाचे फोटो सिस्टिमला द्यायचे. मग ते मूल खोलीत येणाऱ्या कुठल्याही फोटोत दिसलं की सिस्टिम आपणहून त्याचं तोंड झाकायची, निळ्या कडेच्या गोळ्याने, आणि वर त्याचं नाव दाखवायची. धाकटीने खोलीचा कारभार बघणाऱ्या हेडबाईंना विचारलं, जाऊबाईंच्या फोनमधले मुंगीचे फोटो घेतले, तयार केले आणि सिस्टिमला देऊन टाकले. ती घाईत होती, रागातही होती. हात आपोआप चालत होते. ते घाणेरडं पानही तक्रार केल्यावर बंद झालं.

दुसऱ्या दिवशी चहाचा पहिला कप सासूबाईंच्या ऐवजी धाकटीच्या हातात आला. जाऊबाईंनी त्यावर काही भाष्य केलं नाही, आणि सासूबाईंनीही केलं नाही, म्हणजे गोष्ट मोठीच होती.

३

पोहण्याच्या वर्गाचे फोटो आले. दुसऱ्या कुठल्यातरी गावातला तलाव, काठावर टोप्या घातलेली मुलं रांगेत. धाकटी गोळे घालत टोकापर्यंत आली तर शेवटच्या मुलीवर गोळा आधीच होता. निळ्या कडेचा. वर नाव: मुंगी.

सिस्टिम पुन्हा टकलावर घसरली, असं म्हणत तिने गोळा उचलला. खाली चेहरा नव्हता. खाली आणखी धूर होता.

त्यांचा गोळा नेहमी कंपासने काढल्यासारखा असायचा. अर्धे केस, कधी कान, कधी शेजाऱ्याचा खांदाही खायचा. हा धूर तसा नव्हता. तो कपाळावर केस सुरू होतात तिथे थांबला होता. वेण्या स्वच्छ दिसत होत्या, कानही दिसत होते. आरशावर वाफ धरते तसं फक्त तोंडाच्या जागी काहीतरी धरलं होतं. आणि बाकीची मुलं निथळत होती, ही मात्र कोरडी. फ्रॉक, मोजे, बूट. एका पायाला दुसऱ्या पायाचं वेटोळं.

“शिंकरे, हे बघ जरा,” ती म्हणाली. शेजारी बसणारीचं थंड हवेच्या यंत्राशी हाडवैर होतं, त्यावरून तिला ते नाव पडलं होतं.

शिंकरी खुर्चीसकट सरकत आली. “पाठवणाऱ्यानेच झाकली असेल.”

“मग एकटीलाच?”

“लाडकी असेल.” ती शिंकली. “नवीन लग्न झालंय तुझं. झोप पुरत नसेल. आम्ही समजू शकतो हं.”

पलीकडून कुणीतरी खिदळलं. धाकटीचे कान तापले आणि तिने तो फोटो पुढे ढकलला.

मग बुद्धिबळाच्या शिबिरात ती मुलगी पटांच्या मागे उभी होती. नाचाच्या वर्गात मखमली पडद्याजवळ. दर वेळी सिस्टिमचं म्हणणं एकच: मुंगी. दर वेळी गोळ्याखाली धूर. धाकटीला आधी शिंकरीचा संशय आला. चेष्टा करायची खोड तिलाच होती, आणि फोटोत काहीबाही चिकटवणं ह्या खोलीत कुणालाही जमलं असतं. शिंकरी जेवायला उठली की ती तिच्या पडद्यावर डोकावून यायची. तिथे काही नव्हतं. हेडबाईंचा संशय घेऊन पाहिला. त्यांना तर स्वतःचा पासवर्डही दुसऱ्याला विचारावा लागायचा.

शेवटी तिने पोहण्याच्या सरांना फोन लावला.

“रांगेच्या टोकाची मुलगी तुम्ही झाकून पाठवलीत का?”

“आम्हीच झाकत बसलो तर तुम्ही काय करणार बाई?” सर हसले. “थांबा, माझ्याकडे आहे तो फोटो. कुठलं टोक?”

“डावं. भिंतीकडचं.”

पलीकडे पाण्याच्या आणि मुलांच्या ओरडण्याच्या आवाजात सरांनी फोटो शोधला.

“डाव्या टोकाला नळ आहे,” सर म्हणाले.

४

संशय एकदा घरात शिरला की पाहुण्यासारखा जात नाही, घरजावयासारखा राहतो.

दोन फोटो वेगळे असतील, धाकटीने स्वतःला समजावलं. एकामागोमाग काढलेले. एकात मुलगी आहे, एकात बाजूला झाली. तरी तिने जाऊबाईंचा फोन मागून घेतला आणि मुंगीचे फोटो बघितले. नवे सगळे हललेले. पोर कुठे स्थिर बसते, हे खरंच. पण मागची खुर्ची, हातातला पेला, फ्रॉकचं बटण, सगळं रेखीव होतं.

संध्याकाळी थोरल्या दिरांचा व्हिडिओ कॉल आला.

“मुंगीला दाखव. कुठाय?”

“ही काय, समोरच तर आहे,” जाऊबाई म्हणाल्या.

“जरा उजेडात ये गं. अजून. बरं, राहू दे, नेटवर्क गेलेलं दिसतंय.”

“दादा, कपाळाचं काय मग?” धाकटीच्या नवऱ्याने काडी टाकली.

“कसलं कपाळ?” थोरले दीर म्हणाले.

त्यावर कुणी हसलं नाही. सासूबाईंनी मुंगीचं तोंड पुसायला फडकं घेतलं आणि तिच्याकडे न बघता पुसलं, जसा आपण ओटा पुसतो. नाकाचा विषयसुद्धा निघाला नाही. मग धाकटीच्या ध्यानात आलं की हा खटला बरेच दिवस उभाच राहिलेला नाही. घरातली सगळी माणसं मुंगीच्या वेण्यांशी बोलत होती.

ती समोर असली की चेहरा होता. धाकटी मुद्दाम बघायची: दोन डोळे, पडलेला दात, हनुवटीवर सांडलेलं दूध. पण जिना चढून कामावर गेली आणि आठवायला बसली की भुवया यायच्या, आणि पुढे वाफ.

मग शाळेच्या फाटकातला प्रकार झाला. जाऊबाई हसत हसत सांगत होत्या, पण हातातली ताटं वाजत होती. “अहो, वर्गाच्या बाईंनीच अडवलं तिला. म्हणाल्या, ही नवीन आहे का? कुठल्या वर्गात बसतेस बाळा? वर्षभर शिकवतायत त्या तिला!”

“डोळे तपासायला हवेत बाईंचे,” नवरा म्हणाला. झोपायच्या खोलीत आल्यावर धाकटीने त्याला सगळं सांगितलं, तर म्हणाला, “तुझेही तपासून घेऊ. दोघींचे मिळून सवलतीत होतील.”

“तुला आत्ता मुंगीचा चेहरा आठवतोय?”

“म्हणजे काय!” तो म्हणाला. मग थांबला. मग उगाचच चिडून म्हणाला, “हे असलं काहीतरी डोक्यात भरवू नकोस माझ्या.”

आणि दुसऱ्या दिवशी सासूबाई भांडी लावता लावता, पाठमोऱ्याच, म्हणाल्या, “तू आलीस ह्या घरात, आणि पोर कशी विरल्यासारखी झालीय बघ. तुला काही म्हणत नाही हं मी.”

५

“तुझ्या पुतणीला सिस्टिम कुठेही ओळखतेय म्हणतेस?” हेडबाईंनी चष्मा वर केला. “बघू, कुठले फोटो दिले होतेस?”

त्यांनी मुंगीच्या नावाखालचे फोटो उघडले. दोघी बघत राहिल्या. मग हेडबाई अशा हसायला लागल्या की खोलीतल्या सगळ्याजणी गोळा झाल्या.

प्रत्येक फोटोत मुंगीच्या तोंडावर गोळा होता. मेणबत्ती होती, केक होता, वेण्या होत्या, आणि मध्ये धुरकट वर्तुळ. धाकटीने ते फोटो ‘तयार’ केले होते ते असे. कायमच्या गोळ्याला उघडे चेहरे लागतात, हे तिला ठाऊक होतं. पण त्या दिवशी त्या माणसांची ती दोन ओळींची घाण डोक्यात होती, पोरीचा उघडा चेहरा कुठेही जाता कामा नये एवढंच मनात होतं, आणि हातांना दुसरं काही येतच नव्हतं.

“अगं, म्हणजे सिस्टिमला काय शिकवलंस तू?” हेडबाईंनी डोळे पुसले. “ह्या मुलीला तोंडच नाही, असं! ती बिचारी तेव्हापासून हिंडतेय, कुठे बिनतोंडाचं पोर दिसतंय का बघत.”

“हेडमास्तर बरे म्हणायचे,” शिंकरी म्हणाली. “त्यांना निदान टक्कल होतं.”

धाकटीही हसली. पोटातून, कितीतरी दिवसांनी. सगळ्याचा अर्थ लागत होता. चूक तिची होती, साधी होती, आणि निस्तरता येण्यासारखी होती. हेडबाईंनी उपायही सांगितला: मुंगीचा एक ताजा फोटो काढ, समोरून, उजेडात, न हललेला. तो दे. सिस्टिमला खरा चेहरा कळला की खोटा विसरेल.

ती हलक्या पायांनी जिना उतरली. रबराचा वास वळणावर भेटला आणि तिथेच तिचे पाय थांबले.

बिनतोंडाचं मूल शोधायला तिनेच सांगितलं होतं, ते खरं. पण ते सापडत कसं होतं?

६

सुट्टीच्या दिवशी, भर उन्हात, तिने मुंगीला गॅलरीत उभं केलं.

“आई नको म्हणते फोटो.”

“आईला विचारलंय. हा चांगला फोटो आहे. हा दिला की ते धुरकट सगळं जाईल.”

“कुणाला द्यायचा?”

“सिस्टिमला. म्हणजे, ऑफिसात एक आहे. ती ओळखते मुलांना.”

मुंगीने पायाचं वेटोळं सोडलं आणि घातलं. “मला माहितेय ती. ती माझ्यासारखी उभी राहते.”

धाकटीचा अंगठा पडद्यावर तसाच राहिला. हिने कुठे पाहिलं? आपण घरी बोललो असू. नवऱ्याला सांगताना दार उघडं असेल. मुलांचे कान लांब असतात. साखरेच्या डब्याच्या बाबतीत तर सिद्धच झालेलं आहे.

“हनुवटी वर कर. हलू नकोस.”

“काकू, माझं तोंड तिला दिलंस, तर मला कुठलं?”

त्याच क्षणी फोटो निघाला. हनुवटी वर, एक भुवई उंचावलेली, तोंड अर्धवट उघडं. कितीतरी दिवसांत न हललेला पहिला फोटो. धाकटीने तो पुन्हा पुन्हा बघितला. चेहरा डोळ्यांत मावत होता. तिने मुंगीचा पापा घेतला आणि साखरेचा डबा उघडला.

कामाच्या दिवशी सकाळी तिने फोटो सिस्टिमला दिला. निळ्या कडेचे गोळे एकेक करून विरघळायला लागले. तिने पोहण्याचा फोटो उघडला. टोकाच्या मुलीचा धूर निवळला होता आणि तिथे मुंगी होती. कोरडी मुंगी, हनुवटी वर, एक भुवई उंच, तोंड अर्धवट उघडं. शिबिरात पटांच्या मागे मुंगी, तेच तोंड. मखमली पडद्याजवळ मुंगी, तेच तोंड. सगळीकडून ती फोटो काढणाऱ्याकडे बघत होती.

“शिकली बघ सिस्टिम,” हेडबाई मागून म्हणाल्या.

“पण मुंगी ह्या गावांना कधी गेलीच नाही.”

“अगं, चेहरा चिकटवला असेल तिनेच. हल्ली चिकटवतात. पुतणीचं नावच काढून टाक ना, कटकट मिटेल.”

तिने मुंगीचं नाव काढून टाकलं. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि फोटो परत आले. तलावाच्या काठी, रांगेच्या डाव्या टोकाला, नळ होता. पटांच्या मागे भिंत. मखमली पडद्याजवळ नुसता पडदा.

“गेली,” शिंकरी म्हणाली.

कुठे, असं धाकटीच्या तोंडावर आलं होतं. इतक्यात तिचा फोन वाजला.

७

“लवकर येता येईल का गं?” जाऊबाईंचा आवाज सुटल्यासारखा मोकळा होता. “काही झालं नाही, चांगलंच आहे. आज मी शाळेतून आणायला जरा आधीच गेले तर मुंगी आपली फाटकाबाहेरच उभी. रस्त्यावरच्या इतक्या गर्दीत लांबून ओळखलं मी तिला! आई तर सारख्या तिचं तोंड कुरवाळतायत. ये तू.”

शाळा सुटायची वेळ झाली नव्हती. धाकटीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. घड्याळ पुढे-मागे असतं. शाळा कधी लवकर सुटते. तिने हेडबाईंना विचारलं आणि निघाली.

घरात लग्नघर असल्यासारखा आवाज होता. सासूबाईंनी मुंगीची हनुवटी धरली होती. “हे नाक बघ आणि माझं बघ. आता बोल!”

“माझ्या आईचं आहे ते, मी आधीपासून सांगतेय!”

“बस गं,” जाऊबाईंनी धाकटीला हाताला धरून बसवलं. डोळे भरले होते. “तुझ्यामुळे. मला माहितेय, तू ऑफिसात काहीतरी केलंस.”

“मी म्हणतच होते,” सासूबाई म्हणाल्या, “पोरगी गुणाची आणली आपण.”

हे ऐकायला ती किती दिवस थांबली होती. तिने मुंगीकडे बघितलं. चेहरा बरोबर होता. कपाळ, नाक, पडलेला दात, सगळं जिथल्या तिथे. डोळे मिटले तरी दिसत होता. हनुवटी वर, एक भुवई उंच, तोंड अर्धवट उघडं. जाऊबाईंनी तिला बिस्किट दिलं, तिने घेतलं. सासूबाईंनी गुदगुल्या केल्या. ती हसली, म्हणजे हसण्याचा आवाज आला. भुवई उंचच होती.

थकली असेल, धाकटीने मनाशी म्हटलं. मुलं धरतात एकेक चाळा.

दारावरची घंटा वाजली. अगदी तोकडी, हात बटणापर्यंत नीट पोचला नसावा तशी.

धाकटी उठली. दाराच्या भिंगातून बघितलं तर समोरची भिंत, कठडा, ऊन. कुणी नव्हतं. मग भिंगाच्या अगदी तळाशी दोन वेण्या आणि त्यांच्यामधला वाकडा भांग दिसला. त्याखालचं भिंगाच्या बाहेर होतं.

“काकू,” दाराला तोंड लावून कुणीतरी म्हणालं. “काकू, आई मला घ्यायलाच आली नाही.”

“कोण आहे गं?” जाऊबाईंनी आतून विचारलं.

धाकटीचा हात कडीवर होता. तो तिथे थांबला, कारण मागून कुणीतरी तिची बाही धरली. लहान हात, कागदासारखा कोरडा.

“अनोळखी कुणी आलं तर दार उघडायचं नाही,” मुंगीच्या आवाजात ऐकू आलं. “हो ना, काकू?”

तिने खाली बघितलं. अर्धवट उघडं तोंड अर्धवट उघडंच होतं. ओठ हलत नव्हते.

“बघा, पोर किती शहाणी झाली!” सासूबाई कौतुकाने म्हणाल्या आणि दोघी हसायला लागल्या.

बाहेर घंटा पुन्हा वाजली नाही. पायरीवर दोन्ही पाय टेकवून मग पुढच्या पायरीवर, असं कुणीतरी जिना उतरायला लागलं. सावकाश. दप्तर कठड्याला घासत होतं. मध्येच नाक ओढल्याचा आवाज आला, आणि तो आवाज ह्या घरातल्या कुणाच्याही नाकाचा असू शकला असता.

बाही फाटली. धाकटीने कडी काढली आणि ती अनवाणी जिन्यात धावली. मागे जाऊबाई “अगं, काय झालं?” म्हणून ओरडल्या.

खालच्या वळणावर एक लहान पाठ होती, दप्तराखाली वाकलेली.

“मुंगे!”

मुंगी थांबली आणि वळली.

जिन्यात उजेड कमी असेल, असं तिला आधी वाटलं. पण वेण्या स्वच्छ दिसत होत्या.

मग तिने हात पुढे केला. एक हात चाचपडत तिच्या हातात आला. ऊन होता, घामेजलेला. तो तिने घट्ट धरला. वर, घराच्या दाराला आतून कडी लागली.